ग्रेट पिरनीज: हाकणारा नव्हे, राखणारा (केस, कुंपण, खाणं आणि रात्रीचं भुंकणं)

पाचोळा

ग्रेट पिरनीज या कुत्र्याच्या जातीविषयी फिरून फिरून दोनच प्रश्न येतात. हाक मारली तर ऐकत का नाही, आणि रात्रभर भुंकतो का? दोन्हींचं मूळ एक आहे. ते ध्यानात आलं की कुंपणापासून शिकवणीपर्यंत बराच गोंधळ सुटतो, म्हणून हा वेगळा धागा.

मेंढपाळाचा कुत्रा म्हटलं की बॉर्डर कॉली डोळ्यांपुढे येतो: शिट्टीसरशी वळणारा, मेंढ्यांवर नजर रोखून दबकत जाणारा. पिरनीज त्यातला नाही. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधल्या पिरनीज पर्वतात एकाच कळपाला दोन तऱ्हेचे कुत्रे असत. हाकायला लहानखुरा, चपळ पिरनीअन शीपडॉग आणि राखायला हा पांढरा धिप्पाड गडी. याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असे, कारण लांडगा आधी गळ्यालाच भिडतो. हाकणाऱ्याचं सगळं लक्ष माणसाकडे असावं लागतं. राखणाऱ्याला मात्र अंधारात, मालक झोपलेला असताना, स्वतःच ठरवायचं असतं. पिढ्यान् पिढ्या त्याच गुणावर निवड झाली. तेव्हा तुम्ही 'ये' म्हणालात की तो थांबतो, आजूबाजूला बघतो आणि यायची खरंच गरज आहे का याचा विचार करतो. त्याला ऐकू येतं. त्याला पटत नाही, एवढंच.

मापं अशी. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंस्थेच्या मानकाप्रमाणे (क्रमांक १३७) नर खांद्याशी ७० ते ८० सेंमी, मादी ६५ ते ७५. वजन नराचं ४५ किलोच्या वर, मादीचं ३८ च्या पुढे. आयुष्य साधारण १० ते १२ वर्षं. एफसीआयच्या गट १ मध्ये कळप हाकणारे कुत्रे आहेत. पिरनीज गट २ मध्ये आहे. अमेरिकन केनल क्लबने १९३३ मध्ये मान्यता दिली, तिथेही तो आज हाकणाऱ्यांच्या 'हर्डिंग' गटात नसून 'वर्किंग' गटात आहे. म्हणजे कागदोपत्रीसुद्धा तो हाकणारा नाही.

निवांत

चांगला धागा. थोडी भर.

शिकार ही एक साखळी असते: दिसणं, नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड, मारणं. कॉलीमध्ये नजर, दबकणं आणि पाठलाग या कड्या जाणूनबुजून तीव्र केल्या आणि पुढच्या दाबल्या. राखणदार जातींत जवळजवळ सगळी साखळीच मंदावली आहे. ही मांडणी कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांची. अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी राखणदार कुत्र्यांचा मोठा प्रकल्प चालवला होता.

घरात याचा अर्थ काय? चेंडू टाकलात तर पिरनीज चेंडूकडे बघेल, मग तुमच्याकडे बघेल आणि आडवा होईल. लोक त्याला मंद समजतात. पाठलागाची ओढच कमी असलेल्या कुत्र्याला चेंडूमागे पळण्यात काही राम वाटत नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्याचा खेळ म्हणजे हद्दीवरून फेरी मारणं, उंचवट्यावर बसून चारी बाजू न्याहाळणं.

आणखी एक. पांढरे राखणदार अनेक आहेत: इटलीचा मरेम्मा, हंगेरीचा कुवास, पोलंडचा तात्रा, तुर्कस्तानचा अकबाश. या धाग्यातलं बहुतेक त्यांनाही लागू. पण पांढरा स्विस शेफर्ड दिसायला पांढरा आणि मोठा असला तरी रक्ताने जर्मन शेफर्डच्या कुळातला आहे. त्याला दिवसभर माणसाबरोबर काम हवं असतं. दोघांची गल्लत करून पिल्लू घेतलं की दोन्हीकडून फसगत होते.

ओवी

केसांबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा ना. रोज विंचरावं लागतं का? आणि उन्हाळ्यात बारीक कातरले तर त्याला बरं वाटेल की नाही?

डोंगरवारा

कातरू नका. आधी तेवढं सांगून टाकतो, बाकीचं सावकाश.

याला केसांचे दोन थर असतात. वर लांब, जाडसर, सरळ किंवा किंचित नागमोडी केस. खाली दाट मऊ लोकर. वरचा थर ऊन आणि पाणी अडवतो, खालचा हवा धरून ठेवतो. सफाचट केलं की कातडीवर थेट ऊन लागतं. शिवाय लोकर आधी वाढते आणि वरचे केस फार हळू येतात. मधल्या काळात सगळं अंग कापसासारखं होतं आणि पूर्वी लागत नसे इतका गुंता लागतो. उन्हाळ्यात खरं काम कात्रीचं नसून सुटलेली लोकर बाहेर काढण्याचं आहे. लोकर निघाली की हवा कातडीपर्यंत पोचते. पोटाखालचे, मागच्या बाजूचे आणि पंजाच्या गादीमधले केस मात्र खुशाल छाटा.

हत्यारं चार: पिन ब्रश (लांब, सुट्या पिनांचा), स्लिकर ब्रश (बारीक, वाकड्या तारांचा), लोकर काढायचा रेक आणि एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला बारीक दात असलेला धातूचा कंगवा.

एरवी आठवड्याला एकदा, पाऊण तास. वर्षातून दोनदा लोकर सुटते तेव्हा दोन-तीन आठवडे रोज १५ मिनिटं. पद्धत महत्त्वाची आहे. वरवर ब्रश फिरवला की वरचे केस चमकतात आणि आत नमदा तयार होतो. म्हणून कुशीवर झोपवा. एका हाताने केस वर धरून ठेवा, म्हणजे कातडीची एक रेघ दिसेल. पाण्याचा हलका फवारा मारा, कोरडे केस तुटतात. त्या रेघेखालचे दोन-तीन सेंमीचे केस खाली विंचरा, मग वरची पुढची रेघ मोकळी करा. पोटापासून सुरुवात करून पाठीच्या कण्यापर्यंत जायचं. शेवटी कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता निघाला तर काम झालं. ब्रश फसवतो, कंगवा फसवत नाही.

गुंता हमखास कुठे: कानांमागे, पट्ट्याखाली, काखेत, मांड्यांच्या मागच्या झालरीत, शेपटीच्या मुळाशी. कानामागचे केस इतके मऊ असतात की चार दिवसांत जट बनते. तिथे चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी जट उभी फाडा, मग कंगव्याच्या टोकाने कडेपासून सोडवा. जटेखाली आडवी कात्री कधीच घालू नका. जट कातडीला वर ओढून धरते आणि कात्रीत नेमकी कातडी येते. कानामागे तर ती फारच पातळ असते. सुटत नसेल तर कात्री नको, क्लिपर (केस कापायचं यंत्र) वापरा.

आंघोळ दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरते. चिखल वाळू द्यावा, तो आपोआप झडतो. आंघोळीआधी पूर्ण विंचरलंच पाहिजे, कारण पाणी लागलं की जट आवळून बसते. शाम्पू आठ-दहा पट पाण्यात कालवून घ्या, नाहीतर तो लोकरीत जात नाही आणि गेलेला निघत नाही. वाळवणं ही खरी परीक्षा. वरून कोरडा दिसणारा कुत्रा आतून दिवसभर ओला राहतो. ब्लोअरची हवा गार किंवा कोमट ठेवा आणि केस फाकवत कातडीपर्यंत वाळवा. आत ओल राहिली की 'हॉट स्पॉट' होतो: लाल, ओलसर, वास येणारा चट्टा. तो एका रात्रीत तळहाताएवढा पसरतो. दिसला की भोवतालचे केस काढून जागा उघडी करा, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या सौम्य द्रावणाने पुसा, चाटू देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा.

काळं मांजर

बाकी सगळं मान्य, पण 'कातरू नका' हे इतकं ठाम नको. अंगभर नमदा झाला असेल तर ओढून सोडवणं म्हणजे छळ आहे. अशा वेळी काढून टाकणंच योग्य.

डोंगरवारा

बरोबर. नमदा, कातडीचा रोग, शस्त्रक्रिया या तीन कारणांसाठी काढावे लागले तर काढावेतच. मग केस येईपर्यंत त्याला उन्हापासून जपायचं. माझा आक्षेप 'उकडतंय म्हणून' भादरण्याला आहे.

उकाड्यावर उपाय वेगळे: सावली, वारा, जमिनीचा गारवा, पहाटे आणि रात्रीच फिरणं. रस्त्यावर हाताची पाठ सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजतील. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, चालताना झोक जातोय, अशी लक्षणं दिसली तर तो उष्माघात. पोट, जांघा, पंजे यांच्यावर भरपूर पाणी ओता, पंखा लावा आणि अंग गार करतच दवाखान्यात न्या. पाठीवर ओला टॉवेल टाकून ठेवण्याने आतली उष्णता अडकते.

पाचोळा

नखांचा मुद्दा राहिला आणि नेमका तोच लोक विसरतात.

पिरनीजच्या मागच्या दोन्ही पायांना आतल्या बाजूने प्रत्येकी दोन जादा बोटं असतात. ही जातीची खूण आहे, दोष नव्हे. मानकात ती असलीच पाहिजेत असं आहे. ही बोटं जमिनीला लागत नाहीत, म्हणून त्यांची नखं झिजत नाहीत. ती गोल वळून स्वतःच्याच कातडीत शिरतात आणि वर दाट केस असल्याने लंगडेपर्यंत कुणाला कळत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी केस बाजूला करून बघा आणि एका वेळी एक-दोन मिलिमीटर कापा. याची नखं बऱ्याचदा पांढरी असतात आणि आतली गुलाबी शीर दिसते, ही त्यातल्या त्यात सोय. शिरेला लागलंच तर रक्त थांबवायची स्टिप्टिक पावडर दाबून धरा.

पिल्लू आठ आठवड्यांचं असल्यापासून रोज पंजे हातात घ्या, कानात बघा, तोंड उघडा. ५० किलोच्या कुत्र्याने पंजा द्यायचा नाही असं ठरवलं की मग चार माणसं लागतात.

रात्रपाळी

भुंकण्यावर काय? शेजार असेल तर सगळ्यात मोठी अडचण तीच. पट्टे मिळतात, भुंकलं की धक्का देणारे. चालतात का?

निवांत

चालत नाहीत. आणि का चालत नाहीत ते कळलं तर उपायही सापडतो.

राखणदाराचं भुंकणं ही पहिली तटबंदी आहे. 'इथे मी आहे, पुढे येऊ नका' अशी ती जाहीर सूचना असते आणि बहुतेक शिकारी तेवढ्यावरच मागे फिरतात. त्यानंतर पुढे जाऊन उभं राहणं, मग कळप आणि आगंतुक यांच्यामध्ये शिरणं, आणि अगदी शेवटी भिडणं. भुंकण्यावर धक्का बसला तर धोका टळला असं त्याला वाटत नाही. आगंतुक आला की मानेला दुखतं, एवढंच तो शिकतो. मग तो आगंतुकाचा जास्तच राग करतो, किंवा पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर जातो. दोन्ही वाईट.

ज्याने फरक पडतो ते असं:

रात्री घरात घ्या. अर्धं भुंकणं इथेच संपतं. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत हा कुत्रा सर्वांत जागा असतो आणि वासांनी, आवाजांनी भरलेल्या अंगणात त्याला ठेवून गप्प बसायची अपेक्षा करणं चूक आहे. खिडकीतून रस्ता दिसत असेल तर पडदा. पंख्याची एकसारखी घरघर असली की बाहेरचे बारीक आवाज बुजतात.

भुंकला तर लांबून ओरडू नका. त्याच्या कानांना ते साथ दिल्यासारखं वाटतं. उठा, त्याच्याजवळ जा, ज्या दिशेला बघतोय तिकडे तुम्हीही बघा, शांतपणे 'बघितलं, पुरे' म्हणा आणि त्याला घेऊन परत या. आला की खाऊ. शब्द रोज तोच ठेवा. पहिले काही आठवडे दर वेळी उठावं लागतं, त्याला इलाज नाही. 'आपण खबर दिली, वरिष्ठांनी पाहणी केली' असं झालं की बरेच पिरनीज दोन-तीन भुंकण्यांवर थांबतात. शून्यावर कुणी येत नाही. भिंतीला भिंत लागून घरं असतील तर ही जात घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तारकुंपण

आता कुंपण. कारण याच्या डोक्यातली हद्द आणि तुमच्या सातबाऱ्यावरची हद्द यांचा काही संबंध नसतो. दिसेल तेवढा सगळा टापू आपला, असा त्याचा हिशेब.

उंची किमान दीड मीटर, शक्यतो १.८. वेल्डेड जाळी किंवा घट्ट विणलेली शेतजाळी, तार दणकट हवी. साधी षटकोनी कोंबडीजाळी तो अंगाच्या भाराने वाकवतो. तो उडी कमी मारतो, उकरतो जास्त. म्हणून जाळीच्या तळाला ४५ ते ६० सेंमी रुंदीचा पट्टा आतल्या बाजूला काटकोनात वाकवून जमिनीवर पसरा आणि दर अर्ध्या मीटरला खुंटीने ठोका, किंवा चार बोटं माती लोटा. कुत्रा कुंपणाच्या बुडाशी उभा राहून उकरतो. तिथे जाळी लागली की तो दोन पावलं मागे सरकून उकरायचा विचार करत नाही.

सर्वांत कच्ची जागा म्हणजे फाटक. खाली १० सेंमीची फट राहिली तरी पिल्लू निसटतं. फाटकाखाली काँक्रीटचा उंबरा किंवा फरशी टाका. शक्य असेल तर दोन फाटकं एकापुढे एक, मध्ये दोन-तीन मीटरची जागा. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पाहुणे, सामान पोचवणारे, मुलं यांच्यामुळे जितके कुत्रे बाहेर जातात तितके उकरून जात नाहीत. फाटकाची कडी पंजाने उघडणार नाही अशी हवी. पंजा हे याचं आवडतं हत्यार आहे.

रात्रपाळी

जमिनीत पुरायची वायर आणि गळ्यात रिसीव्हर, असं अदृश्य कुंपणही असतं. ते स्वस्त आणि सुटसुटीत नाही का?

तारकुंपण

या जातीसाठी निरुपयोगी. एक, मानेवरच्या दाट केसांमुळे रिसीव्हरच्या पिना कातडीला नीट टेकत नाहीत. टेकाव्यात म्हणून पट्टा आवळला तर कातडीला जखमा होतात. दोन, पलीकडे कोल्हा दिसला तर तो धक्का सोसून बाहेर जातो, कारण मार सोसायलाच त्याला घडवलंय. मग परत येताना मात्र तसलं काही कारण नसतं, म्हणून तो बाहेरच बसतो. तीन, वायर दुसऱ्या कुत्र्यांना आत येण्यापासून अडवत नाही.

मोकळं सोडणं हाही पर्याय नाही. कुंपणाबाहेर नेहमी दोरी, आणि अंगात मायक्रोचिप. मोठ्या आवारासाठी जीपीएस पट्टा वरदान आहे.

ओवी

खाणं किती? एवढा मोठा कुत्रा, पण कमी खातो असं वाचलं. खरं वाटत नाही.

मोजमाप

खरं आहे. पूर्ण वाढलेला पिरनीज शरीराच्या मानाने कमी खातो, कारण दिवसाचा बराच वेळ तो पडून टेहळणी करत असतो.

हिशेब करू. विश्रांतीची ऊर्जा म्हणजे ७० गुणिले वजनाचा ०.७५ घात. ४५ किलोला ती सुमारे १२१५ किलोकॅलरी येते. शांत, नसबंदी झालेल्या घरच्या कुत्र्याला याच्या १.२ ते १.४ पट, म्हणजे १४५० ते १७००. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी असतील तर दिवसाला ४१५ ते ४८५ ग्रॅम. पिशवीवर छापलेला आकडा बहुधा यापेक्षा मोठा असतो. कळपावर काम करणाऱ्याला थंडीत बरंच जास्त लागतं.

आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. केसांखाली सहा किलो चरबी सहज लपते, आणि उपासमारही. दर पंधरवड्याला केसांत बोटं घालून बरगड्या चाचपा. हलक्या दाबाने एकेक बरगडी मोजता आली तर ठीक.

पिल्लांचं गणित उलट चुकतं. 'मोठा होणार आहे, भरपूर घाला' असं म्हणत लोक चारतात. लवकर वजन वाढलं की कोवळ्या सांध्यांवर भार येतो आणि खुब्याचा दोष असेल तर बळावतो. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचंच खाणं द्या. त्यात कॅल्शियम कोरड्या वजनाच्या १.८ टक्क्यांच्या आत असतं. वरून कॅल्शियमची गोळी किंवा पावडर अजिबात नको. पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही, ते हाडांत जातं आणि हाडं वेडीवाकडी होतात. दीड वर्षापर्यंत सायकलबरोबर पळवणं, गाडीतून उडी मारायला लावणं, जिन्याच्या फेऱ्या, सगळं बंद.

पोट फुगून पिळा पडणं हा या खोल छातीच्या कुत्र्यांचा सर्वांत जीवघेणा आजार. उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, बसवत नाही, पोट नगाऱ्यासारखं लागतं, मागे वळून पोटाकडे बघतो. यात घरगुती उपाय नाही आणि सकाळपर्यंत थांबणं तर नाहीच. फोन करून निघा. शस्त्रक्रिया काही तासांत झाली तरच वाचतो.

काळं मांजर

म्हणूनच उंच स्टँडवर भांडं ठेवायचं ना?

मोजमाप

नाही. तो सल्ला बरीच वर्षं सर्रास दिला जायचा. पर्ड्यू विद्यापीठाने मोठ्या जातींवर केलेली पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात उंच भांड्याशी धोका वाढलेला दिसला. भराभर खाणं, वाढतं वय आणि आईबाप किंवा भावंडांत हा आजार असणं हीही कारणं त्यात आली. तेव्हा भांडं जमिनीवर, दिवसातून दोन किंवा तीन वेळा थोडं थोडं, गिळत असेल तर अडथळ्यांचं भांडं आणि जेवणाच्या पुढेमागे तासभर धावपळ नको. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून घेता येतं. त्याने पिळा पडत नाही. डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

भुलीचंही बोलून घ्या. मोठ्या कुत्र्याला किलोमागे कमी औषध पुरतं. वजनाला सरळ गुणून दिलेला डोस जास्त होतो. थोडं थोडं देत, परिणाम बघत जायचं.

पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे अहवाल मागा. अमेरिकेतली ओएफए संस्था पक्का शेरा २४ महिन्यांनंतरच देते, त्यामुळे वर्षाच्या कुत्र्याचं 'सगळं उत्तम' हे तोंडी सांगणं धरू नका. गुडघ्याची वाटीही तपासलेली असावी. रक्त न गोठण्याचा ग्लान्झमन नावाचा आनुवंशिक आजार या जातीत आढळतो, त्याची डीएनए चाचणी होते.

निवांत

शिकवणीचं थोडक्यात. तीन ते पाच मिनिटांचे तुकडे, दिवसातून तीन-चारदा. एकच आज्ञा पाचदा म्हणू नका, चौथ्यांदा तो जांभई देईल. दोरीवर नीट चालणं २५ किलो व्हायच्या आत, म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत, पक्कं झालं पाहिजे. नंतर ताकदीचा खेळ होतो आणि त्यात तुम्ही हरता. 'ये' ही आज्ञा १० ते १५ मीटरच्या लांब दोरीवर शिकवा आणि शिकली तरी दोरी सोडू नका. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास राखणदारी जागी होते. तोवर सगळ्यांशी गोड असलेला कुत्रा फाटकाशी परक्याला अडवू लागतो आणि त्याच लिंगाच्या कुत्र्याशी बिनसतं. हा बिघाड नव्हे, वयात येणं आहे. मारझोड केली तर मात्र खरंच बिघडतो.

रानवाट

कळपावर ठेवायचा असेल तर कसं, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पिल्लू सात-आठ आठवड्यांचं असताना मेंढ्यांच्या वासात, आवाजात आणा. सोळाव्या आठवड्यापर्यंत जे ओळखीचं होतं तेच पुढे 'आपलं' ठरतं. सुरुवातीला चार-पाच शांत, वयस्क मेंढ्या. मेंढीला जाता येणार नाही असा पिल्लाचा आडोसा शेजारीच हवा, नाहीतर एखादी धडक आणि पिल्लू कायमचं बिचकतं. खाणं अशा कोपऱ्यात द्या की मेंढ्यांना मिळणार नाही. एक तर त्यावरून भांडण होतं, दुसरं म्हणजे कुत्र्याच्या खाण्यातलं तांबं मेंढीला बाधतं.

आठ ते अठरा महिने हा कसोटीचा काळ. बागडण्याच्या नादात तो कोकरांना पळवतो, लोकर ओढतो, कान चावतो. शिकार म्हणून नव्हे, खेळ म्हणून. पण कोकरू मरतंच. या वयात एकट्याला लहान कोकरांत सोडू नये. मोठा अनुभवी कुत्रा असेल तर तो दटावतो, त्याच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. नसेल तर वेगळ्या वाड्यात, थोराड मेंढ्यांबरोबर ठेवा. पहिल्या वेताला तर डोळ्यात तेल घालून लक्ष हवं. काही कुत्रे नवं कोकरू इतकं चाटत बसतात की आईला आपलं पोर ओळखू येत नाही.

माणसाने हातच लावायचा नाही, हा जुना समज सोडून द्या. पट्टा घालून घेणं, दोरीवर चालणं, गाडीत चढणं, डॉक्टरांना हात लावू देणं हे कामाच्या कुत्र्यालाही आलंच पाहिजे. लाड मात्र कळपात करायचे, घराच्या दाराशी नाही.

औषधांत दोन चुका घात करतात. मेंढ्यांचं आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक अंदाजाने कुत्र्याला पाजणं ही पहिली. मेंढीला किलोमागे २०० मायक्रोग्रॅम लागतं, कुत्र्याच्या हृदयजंतासाठी किलोमागे सहा. दुसरी म्हणजे मेलेल्या मेंढीची आतडी-फुप्फुसं खाऊ देणं. त्यातून होणारी पट्टकृमीची लागण कुत्र्यामार्फत माणसाच्या यकृतापर्यंत जाते. मेलेलं जनावर लगेच पुरा आणि प्राझिक्वांटेल या पट्टकृमीवरच्या औषधाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून घ्या. अशा ठिकाणी सहा आठवड्यांनी देतात.

एकटा कुत्रा कमी पडतो. एक कळपाशी थांबतो, दुसरा पुढे जातो, अशी जोडी हवी.

ओवी

शेवटचा प्रश्न. डोंगरात फिरताना असा कुत्रा कळपासकट समोर आला तर काय करायचं?

रानवाट

फ्रान्समध्ये हा रोजचा प्रश्न आहे. १९९२ मध्ये मेर्कांतूरच्या डोंगरात लांडगे परतल्याचं दिसलं, १९९६ पासून पिरनीज पर्वतात स्लोव्हेनियातली अस्वलं आणून सोडली, आणि त्याबरोबर राखणदार कुत्रेही पुन्हा कुरणांवर आले.

तो भुंकत तुमच्याकडे येईल. पळू नका. सायकलवर असाल तर उतरा, सायकल दोघांच्या मध्ये ठेवा. काठी उगारू नका, दगड उचलायला वाकू नका, डोळ्यांत डोळे घालू नका. जागेवर थांबा, हात खाली, शांत आवाजात काहीतरी बोला. त्याला तुम्ही माणूस आहात एवढी खात्री करून घ्यायची असते. तुमचा कुत्रा बरोबर असेल तर तो दोरीला हवा, कडेवर उचलू नका. कळप चुकवून लांबून वळसा घाला, मधून वाट काढू नका आणि कोकरांना खाऊ घालायला तर मुळीच थांबू नका.

शेपटीकडे लक्ष ठेवा. सावध झाला की ती पाठीवर चाकासारखी गोल वळते. पिरनीजमधले मेंढपाळ त्याला 'चाक करणं' म्हणतात. शेपटी सुटून खाली आली की हळूहळू चालायला लागा.